आरमारी जहाजांची चित्रे: खलाशाची सुई आणि पाथरवटाची छिन्नी

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमारातील खलाशांनी शिडाच्या कापडावर लोकरीने आपापल्या जहाजांची चित्रे भरली. साधारण 1840 ते 1900 हा या कामाचा काळ. त्यातही 1860 ते 1880 ही भराची वर्षे. संग्राहकांमध्ये ही चित्रे ‘वुली’ या नावाने ओळखली जातात. बहुतेक चित्रांवर करणाऱ्याचे नाव नसते आणि पुष्कळांवर जहाजाचेही नसते. तरीही नौकांच्या इतिहासात त्यांना मान आहे, कारण चित्र भरणारा माणूस त्याच जहाजाच्या दोरांवर चढत-उतरत होता. जगातील इतर बहुतेक जहाजचित्रे किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी काढलेली आहेत. कोकणातही तसेच झाले. 1657 नंतर कल्याण-भिवंडीच्या खाडीत मराठी आरमाराची पहिली जहाजे बांधली गेली, पण त्यांवरच्या कोणा खलाशाने काढलेले असे सर्वमान्य झालेले एकही चित्र पुढे आलेले नाही. त्या जहाजांचे रूप ठरवताना पाथरवटाची शिळा, लेण्यातला चित्रकार, परक्या दरबारची पत्रे आणि शत्रुपक्षाची तैलचित्रे यांवरच भिस्त ठेवावी लागते. जहाजाचे चित्र कोणी काढले यावर त्यातला कोणता भाग विश्वासाचा हे ठरते, आणि ते पारखायला लोकरी चित्रे हा उत्तम कस आहे.

लोकरी चित्राची मांडणी ठरीव असते. जहाज आडवे, बाजूने दिसणारे, शिडे बहुधा सगळी उभारलेली, डोलकाठ्यांवर निशाणे. खाली निळ्या-हिरव्या लोकरीच्या आडव्या ओळींचा समुद्र, वर फिकट आभाळ. आकार साधारण दीड-दोन फूट रुंदीचा. कापड लाकडी चौकटीवर ताणून त्यावर लांब टाक्यांनी भराई केलेली असते. काही चित्रांत साखळी टाका किंवा फुली टाकाही दिसतो. मराठी घरांत दुसुतीवर फुली टाक्याने भरलेले हंस आणि पोपट काचेत लावून दिवाणखान्यात टांगत, त्या कामाशी याचे नाते आहे. मात्र दुसुतीवर धागे मोजून टाका घालावा लागतो, तर खलाशाचा लांब टाका मोजणीत अडकत नाही. रेघ जशी वळेल तसा तो वळतो. म्हणून जहाजाच्या पोटाचा बाक, नाळेची (पुढच्या टोकाची) उचल, पिछाडीची नक्षी हे सगळे त्यात नीट उतरते. काही कसबी हातांनी शिडांखाली कापूस भरून ती वाऱ्याने फुगल्यासारखी उठावदार केली आहेत. लोकरीने न साधणारी बारीक रेघ, म्हणजे दोरखंडांचे जाळे, रेशमी किंवा सुती दोऱ्याने ओढलेली असते.

दोरांचे हे जाळेच या चित्रांचे खरे धन. एखाद्या चांगल्या नमुन्यापुढे भिंग घेऊन बसले, तर डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणणारे दोर, परबाण (शीड बांधायचा आडवा वासा) फिरवण्याचे दोर आणि शीड गुंडाळण्याचे दोर वेगवेगळे ओळखता येतात. कोणता दोर कुठून निघून कुठे बांधायचा, हे भरणाऱ्याच्या हाताला पाठ होते. काळोखात, पावसात, हलत्या परबाणावर उभे राहून तेच दोर त्याने ओढलेले असत. तोफांची दारे मोजून, एकसारख्या अंतरावर भरलेली दिसतात. उलट समुद्र अगदी ठोकळेबाज असतो आणि माणसे नसतातच, किंवा ठिपक्यांएवढी असतात. पुष्कळ चित्रांत वारा मागून येऊन शिडे पुढे फुगलेली, आणि निशाणे मात्र त्याच वाऱ्याच्या तोंडाला उलटी फडकणारी. समुद्रावर जन्म काढलेल्या माणसाला हे कळत नसेल असे मानणे कठीण. निशाण पूर्ण दिसले पाहिजे आणि जहाज पूर्ण वेगात दिसले पाहिजे, या दोन हौसा त्याने एकाच चौकटीत भागवल्या, असे म्हणणे अधिक सयुक्तिक आहे.

सुईचे कसब खलाशांच्या हाती कुठून आले, याचे उत्तर त्यांच्या नोकरीच्या रीतीत आहे. ब्रिटिश आरमारात साध्या खलाशांसाठी ठरावीक गणवेश 1857 साली आला. त्याआधी बहुतेक जण जहाजावरच्या भांडारातून कापड घेऊन आपले कपडे स्वतःच बेतत आणि शिवत. गणवेश आल्यावरही शिवण-टिपण चालूच राहिली आणि त्यासाठी काही वेळ मोकळा ठेवला जाई. फाटलेली शिडे शिवणे हे तर रोजचेच काम. दाभण, मेण लावलेला दोरा आणि तळहातावरचे कातडी कवच ही जहाजावरच्या कामाची साधने होती. 1815 नंतर युरोपात मोठ्या आरमारी लढाया जवळजवळ थांबल्या, पण जहाजे तीन-तीन, चार-चार वर्षे परमुलखात ठाण मांडून राहत. वेळ भरपूर, करमणूक थोडी. त्याच सुमारास बर्लिनहून येणारी मऊ रंगीत लोकर आणि तिच्यावरचे भरतकाम इंग्लंडमधल्या घराघरांत पोचले होते, आणि 1856 नंतर रासायनिक रंगांमुळे झगझगीत जांभळी, किरमिजी लोकर स्वस्त झाली. बंदरावर उतरलेल्या खलाशाला ती सहज मिळू लागली. वुलींचा बहर नेमका याच वर्षांत यावा, हा योगायोग नव्हे.

या चित्रांचा काळ ठरवताना सहीपेक्षा निशाण अधिक कामी येते. 1864 पर्यंत ब्रिटिश आरमार लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा तीन तुकड्यांत विभागलेले होते आणि प्रत्येकीचे निशाण वेगळे होते. त्या वर्षी पांढरे निशाण आरमारासाठी राखले गेले आणि लाल व्यापारी जहाजांकडे गेले. तोफांची दुहेरी रांग असलेल्या जहाजावर लाल निशाण दिसले, तर चित्र किंवा निदान चित्रातला प्रसंग 1864 च्या आधीचा मानावा लागतो. ब्रिटिश निशाणाच्या जोडीला फ्रान्सचे आणि तुर्कांचे निशाण असेल, तर ते बहुधा 1853 ते 1856 च्या क्रिमियन युद्धाच्या आठवणीचे काम. शिडांच्या मधून धुराडे डोकावत असेल तर वाफेचा जमाना सुरू झाला आहे. या खुणा आंधळेपणाने वापरता येत नाहीत, कारण निवृत्त खलाशी तरुणपणीचे जहाज म्हातारपणी आठवून भरत असे. तेव्हा निशाण जुने आणि लोकर नवी, असाही मेळ बसतो. चौकटीच्या मागची बाजू तपासली की पुष्कळदा उलगडा होतो. पुढच्या बाजूचे रंग उन्हाने उडालेले असतात. मागे टाक्यांचा मूळ रंग शाबूत असतो आणि त्यावरून लोकर वनस्पतीच्या रंगातली की रासायनिक, याचा अंदाज येतो. बनावट मालही इथेच पकडला जातो.

मुंबईचा संबंध याच काळातून निघतो. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानाची जहाजे बांधली. 1810 साली तिथून निघालेले ‘मिंडेन’ हे ब्रिटिश आरमारासाठी ब्रिटनबाहेर बांधलेले पहिल्या फळीचे जहाज मानले जाते. 1813 च्या ‘कॉर्नवॉलिस’वर 1842 साली नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या. 1824 चे ‘एशिया’ हे 1827 च्या नॅव्हरिनोच्या लढाईत सेनापतीचे जहाज होते. 1821 चे ‘गँजेस’ पुढे 1866 पासून फालमथ बंदरात पोरांना शिकवणारे जहाज म्हणून उभे राहिले. 1817 चे ‘ट्रिंकोमली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यात उभे आहे. लोकरी चित्रांच्या भराच्या दशकांत मुंबईच्या सुतारांनी घडवलेली जहाजे आरमाराच्या कामात होती, आणि त्यांच्यावरच्या पोरांना सुई-दोरा चालवायचे शिक्षणही मिळत होते. मुंबईच्या इतिहासकारांनी वुलींच्या संग्रहांकडे पाहावे ते या दृष्टीने: जहाजाच्या पोटाचा आकार आणि पिछाडीची खिडक्यांची ओळ पाहून मुंबईचे काम ओळखता येईल का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. गोदीचे नकाशे आणि कागद पुष्कळ आहेत. खलाशाच्या डोळ्यांनी पाहिलेले जहाज त्यांत नाही.

शतक संपता संपता ही कला ओसरली. फोटो स्वस्त झाले. चीन आणि जपानच्या बंदरांत व्यावसायिक कारागीर रेशमावर जहाजाचे नाव, निशाणे, गरुड किंवा अजगर भरून देऊ लागले आणि मधल्या गोलात खलाशाचा फोटो बसवू लागले. मुंबईच्या पारशी घरांतले गारे जिथून येत, त्या चिनी भरतकामाच्या परंपरेतलीच ही एक बाजारू शाखा. त्यांचे टाके बारीक आणि सफाईदार आहेत, पण जहाज साच्यातले; दोर बघायला जावे तर काही हाती लागत नाही. शिडांची जहाजे संपल्यावर दोरांचे ज्ञानही निरुपयोगी झाले. पुढे नॉरफकचा कोळी जॉन क्रास्क याने आजारपणात सुई हाती घेतली आणि 1940 च्या डंकर्कच्या माघारीचा मोठा भरतकामी पट आरंभला. 1943 साली तो वारला, पट थोडा अपुरा राहिला आणि आज नॉर्विचच्या संग्रहालयात आहे. पण तो एकट्याचा उद्योग होता. वुलींचा जुना साठा आज ग्रीनिचचे सागरी संग्रहालय, कॉम्प्टन व्हर्नीचा लोककला संग्रह आणि खाजगी घरे यांत विखुरला आहे. कसर हा त्याचा मुख्य शत्रू.

आता मराठी आरमाराच्या भिवंडीकडे वळू. कामवारी नदी गावाजवळून वाहत उल्हासच्या खाडीला मिळते. पलीकडच्या बाजूला वर कल्याण. गावाची आजची ओळख यंत्रमागांची आहे. 1857 च्या उठावानंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी इथला कापडधंदा वाढवला आणि विसाव्या शतकात तो यंत्रावर गेला. त्याचा शिवकालीन शिडांशी संबंध जोडण्याचा मोह होतो, पण मधे दोनशे वर्षांचे अंतर आहे. सतराव्या शतकातील भिवंडीचे महत्त्व खाडीत होते. घाटावरून उतरणारा माल, आसपासच्या जंगलांतले सागवान, आणि भरतीच्या पाण्यावर तरणारी गलबते. 1657 च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी आदिलशाहीकडून घेतली आणि त्यानंतर इथे लढाऊ जहाजे बांधायला सुरुवात झाली.

या उद्योगाचा सर्वांत जुना लेखी पुरावा विरोधकांच्या दप्तरात आहे. 1659 सालच्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात शहाजीच्या मुलाने वसईच्या आसपासचा मुलूख घेतल्याचे आणि भिवंडी, कल्याण व पनवेल इथे लढाऊ नौका बांधल्याचे लिहिले आहे. या नौका समुद्रात येऊ नयेत अशी खबरदारी घेण्याचा विचारही त्यात आहे. पोर्तुगिजांची काळजी भूगोलातून आलेली होती. खाडीच्या एका तोंडावर वसई, दुसऱ्या फाट्यावर ठाणे, आणि दोन्ही त्यांच्या हाती. भिवंडीत बांधलेले जहाज समुद्रात न्यायचे तर त्यांच्या तोफांच्या समोरून जावे लागे. शिवाजी महाराजांनी कामावर रुई लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज कारागीर ठेवला होता. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी वळवल्यावर तो आपल्या लोकांसह निघून गेला. त्याच्या जाण्याने काम थांबले नाही. 1664 मध्ये मालवणच्या खडकावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू झाली आणि 1665 च्या फेब्रुवारीत बसरूरवर जी मोहीम गेली, तिच्यात तीन मोठी जहाजे आणि 85 लहान लढाऊ नौका असल्याची नोंद आहे. लहान आणि मोठ्यांचे हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढच्या सगळ्या चित्रांचा न्याय करताना त्याचाच उपयोग होतो.

बखरी आणि कागदपत्रे गुराब, गलबत, तरांडे, शिबाड, मचवा, पाल अशी नावांची जंत्री देतात. आकार फारसे देत नाहीत. आकार सांगणारा मजकूर परक्यांचा. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकात आंग्र्यांच्या गुराबांचे वर्णन केले ते आजही आधार मानले जाते. दोन डोलकाठ्यांची गुराब दीडशे टनांच्या आत, तीन डोलकाठ्यांची तीनशे टनांपर्यंत. बूड उथळ, रुंदी मोठी, नाळ लांब, खाली उतरती आणि पुढे निमुळती. नाळेच्या मागे आडवी भिंत आणि तिच्यातून समोर रोखलेल्या दोन मोठ्या तोफा. गलबत सत्तर टनांच्या आतले, मोठ्या डोलकाठीला एकच तिकोनी शीड, आणि चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला की गलबतांनी गुराबेला ओढून शत्रूच्या पिछाडीला आणायचे, अशी ही जोडी. हे वर्णन चित्र काढण्याइतके स्पष्ट आहे. पण ऑर्म लिहीत होता तो भिवंडीच्या पहिल्या जहाजांनंतर शंभर वर्षांनी.

चित्ररूप पुराव्यात कोकणातला सर्वांत बोलका ठेवा बोरिवलीजवळच्या एकसर गावातला. तिथे सहा वीरगळ आहेत आणि त्यांतल्या काहींवर समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. 1882 च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरने त्यांचे तपशीलवार वर्णन केले. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाच्या पट्टीत लढाई, तिच्यावर वीराचे पतन, त्यावर अप्सरांसह स्वर्गारोहण, आणि सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. एका शिळेवर पाच जहाजे ओळीने चालून येताना दिसतात. नाळ उंच आणि टोकदार, प्रत्येकावर डोलकाठी, बाजूला नऊ-नऊ वल्ही, वर तिरंदाज. वल्ह्यांचे दांडे एकाच कोनात तिरपे झुकलेले आहेत, त्यामुळे सगळी रांग एका हुकमाने चाललेली भासते. वल्हेकऱ्यांची डोकी काठापलीकडे दिसतात. तिरंदाजांचे अंग अर्धे वर. खोली दाखवण्याचा प्रयत्न नाही. जहाज आणि माणूस एकमेकांच्या मापात नाहीत, कारण वीर महत्त्वाचा आणि जहाज हे त्याच्या मरणाचे ठिकाण.

ही लढाई कोणती, यावर एकमत नाही. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यात सुमारे 1265 मध्ये झालेला संघर्ष हा बऱ्याच अभ्यासकांचा पर्याय. हेमाद्रीच्या प्रशस्तीत सोमेश्वर जहाजांसह समुद्रात बुडाल्याचा उल्लेख आहे आणि एका शिळेवरचे हत्ती यादवांच्या गजदळाशी जुळतात. दुसरे मत या शिळांना अकराव्या शतकात नेते. पहिले मत अधिक जड वाटते, पण शिळेवर लेख स्पष्ट नसताना निर्णय रोखून धरणेच शहाणपणाचे. जहाजांच्या अभ्यासाला या वादाने फारसा फरक पडत नाही: दोन्ही मतांप्रमाणे, मराठी आरमाराच्या जवळजवळ चार शतके तरी आधी या किनाऱ्यावर वल्ह्यांची लढाऊ जहाजे होती. गोव्यातही कदंबकाळातले जहाजांच्या लढाईचे वीरगळ सापडले आहेत, तेव्हा एकसर हा अपवाद नव्हे.

त्याआधीच्या काळातली चित्रे धर्मकथेतली आहेत. कान्हेरीच्या लेण्यांत आणि औरंगाबादच्या सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर आठ संकटांतून भक्तांना तारताना दाखवला आहे. त्यांपैकी एक संकट जहाज फुटण्याचे. सोपारा आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीला दिलेल्या दानांचे लेख शेजारीच आहेत, म्हणून ही भीती कोरीव संकेतापुरती नव्हती असे समजायला हरकत नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील पूर्णाच्या कथेतले जहाज अधिक तपशीलवार: तीन उंच शिडे, नाळेवर डोळा, पिछाडीला सुकाणूची वल्ही आणि रांगेने ठेवलेले घडे. घडे बघून जहाज लांबच्या सफरीचे, हे कळते. त्याहून जुनी म्हणजे सातवाहनांची जहाजाची नाणी; यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. पण ही नाणी पूर्व किनाऱ्याकडची आणि आकाराने एवढी लहान, की दोर किती आणि कसे याविषयी त्यांवरून बोलणे धाडसाचे ठरेल.

या सगळ्यांत एक दोष समान आहे. पाथरवटाने आणि चित्रकाराने जहाजाचे पोट, नाळ, वल्ही, माणसे चांगली पाहिली होती. शीड आणि परबाण यांचे गणित त्यांना ठाऊक नव्हते, किंवा दाखवायची गरज नव्हती. एकसरच्या जहाजांवर डोलकाठ्या आहेत, पण शीड कशावर चढते आणि कसे वळते हे शिळा सांगत नाही. वुलीत नेमके उलटे होते: शिडे आणि दोर अचूक, माणसे गायब. एकाला मरणारा वीर दाखवायचा होता, दुसऱ्याला आपले रोजचे काम.

अठराव्या शतकात परके चित्रकार आले आणि आंग्र्यांच्या जहाजांची तैलचित्रे झाली. विजयदुर्गावर, म्हणजे इंग्रजांच्या भाषेतल्या घेरियावर, 1756 च्या फेब्रुवारीत इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी हल्ला केला. या मोहिमेला पेशव्यांचीही साथ होती. बंदरात तुळाजी आंग्र्यांची जहाजे एकमेकांना बांधून उभी होती. इंग्रजांच्या एका गोळ्याने ‘रिस्टोरेशन’ नावाच्या, पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच जिंकलेल्या जहाजाला आग लागली आणि ती पसरत सारे आरमार भस्म झाले. डॉमिनिक सेरेस या चित्रकाराने हा प्रसंग नंतर रंगवला. तो घटनास्थळी नव्हता. त्याच्या चित्रात इंग्रज जहाजे ठसठशीत आणि आंग्र्यांची धुरात. जेत्याने काढवून घेतलेल्या चित्रात असे होणारच, पण परिणाम मोठा झाला: मराठी लढाऊ जहाजे जळाली आणि तीही जळतानाच चित्रित झाली. धुरातून जेवढी नाळ दिसते तेवढाच पुरावा.

एकोणिसाव्या शतकातल्या दोघा युरोपियनांनी पुष्कळ भर घातली. बाल्थाझार सॉल्विन्स या फ्लेमिश चित्रकाराने हिंदुस्थानातल्या नौकांच्या कोरीव चित्रांत गुराबेला जागा दिली. फ्रेंच आरमाराचा अधिकारी पारी याने 1840 च्या दशकात युरोपबाहेरच्या नौकाबांधणीवर ग्रंथ काढला आणि त्यात पश्चिम किनाऱ्याच्या पत्तेमारी या शिडाच्या नौकेची मोजमापांसह रेखाटने दिली. आरमारातला माणूस असल्याने त्याची नजर खलाशाच्या नजरेला सर्वांत जवळची. शीड परबाणाला कुठे बांधले आहे, परबाण डोलकाठीच्या कोणत्या बाजूने फिरते, हे त्याच्याकडून कळते. कोकणातल्या शिडाच्या गलबतांबद्दल बोलताना पारीची रेखाटने आधी आणि तैलचित्रे नंतर पाहावीत.

मग कोकणी खलाशांनी स्वतः काही का काढले नाही? लोकर इथे नव्हती आणि घालायची गरजही नव्हती, हे एक कारण झाले. पण सूत होते, रंग होता, दाभण होता. निरक्षरता हे कारण टिकत नाही, कारण वुली भरणारे कित्येक जण सही करण्यापुरतेच शिकलेले होते. खरे कारण वेळेच्या वाटणीत असावे. गलबते ऋतूवर चालत. पावसाळ्याआधी ती किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारली जात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात उतरत. मधल्या महिन्यांत तांडेल असो वा वल्हेकरी, तो घरी भातशेतीत गुंतलेला असे. बहुतेक सफरी किनाऱ्याकिनाऱ्याने, बंदराच्या टप्प्यात. जहाजावर तीन वर्षे कोंडलेल्या इंग्रज खलाशाचा रिकामा वेळ त्याच्या वाट्याला कधीच आला नाही. त्याचे सूतकाम जाळी विणण्यात, दोर वळण्यात, शिडाला ठिगळ लावण्यात गेले आणि जुने जाळे-शीड फाटले की तेही संपले. नाव नवी झाली की तिच्या नाळेला रंग चढे, नारळ फुटे. नावेचे चित्र करण्याऐवजी नावच सजवली गेली. पुढे रत्नागिरी-रायगडातले हजारो कोकणी गडी आगबोटींवर सारंग आणि तांडेल म्हणून गेले तेव्हा लांबच्या सफरी आल्या, पण तोवर शिडे उतरली होती आणि कामाच्या पाळ्या बॉयलर व डेकवर वाटल्या गेल्या होत्या. हे स्पष्टीकरण पुराव्याच्या अभावावर उभे आहे, याचे भान ठेवावे लागते. उद्या एखाद्या वाड्याच्या भिंतीवर कोळशाने काढलेले गलबत सापडले, तर ते बदलावे लागेल.

चित्र नसल्याची पोकळी आज कल्पनेने भरली जाते. कॅलेंडरे, भित्तिचित्रे आणि मिरवणुकीतले देखावे यांत शिवाजी महाराजांच्या आरमारासाठी सर्रास तीन डोलकाठ्यांचे, चौकोनी शिडांचे, दुहेरी तोफांच्या रांगांचे युरोपीय जहाज काढतात आणि त्यावर भगवा लावतात. असे जहाज नेल्सनच्या काळातले आहे. त्याचे बूड वीस फुटांहून अधिक खोल पाण्याखाली राहते; ओहोटीला कामवारीच्या तोंडाशी ते चिखलात बसले असते. भिवंडीत बांधले गेलेले जहाज उथळ बुडाचे, रुंद, वल्ह्यांना वाव असणारे असले पाहिजे, कारण ते भरतीवर तरायचे होते आणि वारा नसताना वसईसमोरून निसटायचे होते. त्याची नाळ ऑर्मच्या वर्णनातून आणि एकसरच्या टोकदार नाळांवरून बेतता येते, शीड आणि परबाण पारीच्या पत्तेमारीवरून, वल्ह्यांची मांडणी वीरगळावरून. तोफा समोर, बाजूला थोड्या. पिछाडीचे काय, हा प्रश्न उरतो. तिच्यावर पोर्तुगीज कारागिराची छाप पडली असेल तर ती वसईच्या गोदीतल्या त्या काळच्या नौकांसारखी चौकोनी असेल. नसेल तर नाळेसारखीच निमुळती. लिस्बन आणि गोव्याच्या दप्तरांतल्या नौकाबांधणीच्या हिशेबांत त्याचे उत्तर सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.